डावीकडे थोडा जास्त आईस

गावी गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "दत्ता, थंय दुबईत तू करतंस तरी काय रे?" मी म्हणतो, दुबईत नाही, अल ऐनला, आणि बर्फ करतो. मग समोरचा हमखास विचारतो, मासळीचा की गोळ्याचा? सव्वीस वर्षं हेच ऐकतोय. भर वाळवंटात लोकांना पायात सुऱ्या बांधून घसरता यावं म्हणून मुद्दाम बर्फाची भलीमोठी फरशी केलेली असते, आणि ती फरशी तासून, पाणी पाजून रोज काचेसारखी ठेवणारा माणूस म्हणजे मी, हे खरं सांगितलं तर कोणाला पटत नाही. आता निवृत्त होतोय, तर एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी कामाचं थोडं. काँक्रीटच्या पोटात पाइप असतात, त्यांतून गारढोण द्रव फिरतो, वर जेमतेम दोन बोटं जाडीचा बर्फ. बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत बर्फ उणे पाच. दाराला फट राहिली की बाहेरची दमट हवा शिरते आणि बर्फावर पांढरी बुरशी आल्यासारखं दव गोठतं. बर्फ करायला पाणी गरम घालायचं, थंड नाही. थंड पाण्यात हवा असते, त्याचा बर्फ गढूळ होतो. हे मला कोणी शिकवलं नाही. एसी मेकॅनिक म्हणून आलो, रिंकच्या मशिनरीवर नेमला गेलो आणि चुका करत करत शिकलो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. शारजातल्या रोल्लाहून एक सद्गृहस्थ सहकुटुंब आले होते, त्यांना मुलीच्या लग्नात स्टेजवर ठेवायला बर्फाचा चौकोन कापून हवा होता. "अहो पाटकर, आपलाच माणूस ना तुम्ही? एका कोपऱ्यातला द्या, कोणाच्या लक्षात येणार?" एवढी माणसं येऊन गेली, पण हा बर्फ कोणी केला असं वीस वर्षांत एकानेही विचारलं नाही. फरशी पुसणाऱ्याचं नाव कोण विचारतो! मलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग मोराग मॅडम आल्या.

आमचा मॅनेजर फादी, लेबनॉनचा, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. एक दिवस म्हणाला, "दत्ता, वन मॅडम, व्हीलचेअर. शी वॉन्ट्स आईस, सिक्स टू एट मॉर्निंग. यू मॅनेज. खलास." फादीचं 'खलास' म्हणजे पुढे प्रश्न विचारायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पांढऱ्या गाडीतून पन्नाशीच्या, आखूड केसांच्या बाई उतरल्या. गाडी हाताने चालवायची, ब्रेकसुद्धा हातात. खुर्ची स्वतःच बाहेर काढली, स्वतःच उघडली, स्वतःच त्यात बसल्या. व्हीलचेअर दिसली की आपला हात आपोआप मागच्या मुठींवर जातो. माझाही गेला. दोन पावलं ढकलली असेन-नसेन, बाईंनी दोन्ही चाकं घट्ट धरली. खुर्ची जागच्या जागी. मागे न वळता म्हणाल्या, "मी सांगितलं का?"

"नो मॅडम."

"मग सोडा."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण बाई मला 'तुम्ही'च म्हणत असणार, असं मी तेव्हापासून धरून चाललोय.

त्या स्कॉटलंडच्या. तिथे त्यांचा मेंढ्यांचा फार्म. चार चाकांची बाईक उतारावर उलटून अंगावर आली, तेव्हापासून कमरेखाली काही नाही. यजमान डॉक्टर, त्यांना अल ऐनच्या हॉस्पिटलात दोन वर्षांची नोकरी मिळाली म्हणून या इकडे. आणि घरसामानाच्या कंटेनरमधून येताना काय आणावं बाईंनी? चार दगड! ग्रॅनाइटचे, गोल, वीसेक किलोचा एकेक, वर दांडा. आमच्या घरच्या जात्याची वरची तळी आठवली मला.

खेळाचं नाव कर्लिंग. चाळीस पावलांवर बर्फाखाली रंगाची वर्तुळं काढलेली असतात, दगड सरकवून मधोमध नेऊन थांबवायचा. चालते-फिरते लोक खेळतात तेव्हा दगडापुढे धावत ब्रशने बर्फ घासतात, त्याने दगड लांब जातो, सरळ राहतो. खुर्चीवरच्यांच्या खेळात घासणं नाही. लांब काठी दांड्यात अडकवायची, खुर्चीवरूनच रेटायची, सोडताना हलकासा पीळ द्यायचा, म्हणजे दगड जाता जाता वळतो. एकदा सुटला की सुटला, नंतर काही दुरुस्ती नाही.

पहिल्या दिवसासाठी मी जीव ओतून बर्फ केला होता. त्यात तोंड बघून भांग पाडावा असा. बाईंनी वाकून त्यावरून तळवा फिरवला. "ब्यूटिफुल," म्हणाल्या, "आणि काही उपयोगाचा नाही." माझं तोंडच पडलं. त्यांनी दगड रेटून दाखवला, तो अर्ध्यात येऊन बसला. गुळगुळीत बर्फाला दगडाचं बूड चिकटतं. बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून ते गोठवायचे, मग त्या थेंबांच्या डोक्यांवरून दगड पळतो. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या त्वचेला पावडर लावत होतो, तिला आता घामोळं आणायचं होतं.

त्यांच्या देशात यासाठी पाठीवर घ्यायची खास टाकी असते. इथे कुठली! पण मी देवगडचा. आंब्यावर फवारणी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. खजुराच्या बागांना सामान विकणाऱ्या दुकानातून कोरा फवारणी पंप आणला, तोंड बदललं, त्यात शुद्ध केलेलं कोमट पाणी भरलं, आणि उलटं चालत, हात डावीकडून उजवीकडे हलवत बर्फावर थेंब पाडले. दोन दिवस चुकलं. तिसऱ्या दिवशी दगड सळसळत गेला तो थेट वर्तुळात. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "हा बर्फ कोणी केला?"

प्रश्न एवढा नवा होता की मी मागे वळून बघितलं, कोणाला विचारतायत म्हणून.

"मीच, मॅडम."

"मग हात द्या." हात चांगला दाबून हलवला. "आमच्याकडे हॉलमध्ये शिरलं की आधी बर्फ करणाऱ्याला भेटतात."

त्या दिवशी घरी जाऊन सुनंदाला, म्हणजे बायकोला, ही गोष्ट मी तीनदा सांगितली. चौथ्यांदा ती म्हणाली, "कळलं हो, हात मिळवला. आता तो धुवा आणि जेवायला बसा."

या खेळात नेम धरताना खुर्ची हलू नये म्हणून मागे एक जण आपली खुर्ची लावून पुढच्याची चाकं धरून बसतो. अल ऐनमध्ये दुसरा खेळाडू कुठून आणायचा? मी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागलो. बाई म्हणायच्या, "आता धरा. धरायचं फक्त, ढकलायचं नाही." आणि सुटला दगड की धावत जाऊन परत आणायचा, तोही मीच. अशी आम्ही दोघं आणि असं ते रोजचं सहा ते आठ.

चाकं धरून बसल्यावर माणूस बोलतोच. त्यांच्या देशाच्या संघाच्या त्या अगदी दाराशी होत्या. वाळवंटात जायचं तर जा, निवड समितीने सांगितलं होतं, पण जागा राखायची असेल तर तयारी दाखवावी लागेल. त्यांचे प्रशिक्षक ग्रॅहम कुठूनसे परत जाताना दुबईला उतरणार होते. एक दिवस अल ऐनला येणार, बत्तीस दगड टाकायला लावणार, शंभरात सत्तर गुण हवे. मिळाले तर त्या वर्षीच्या संघात, नाही तर नाव खोडणार. मी एकदा विचारलं, मॅडम, एवढं कशाला? डॉक्टरसाहेब आहेत, घर आहे.

बाई म्हणाल्या, "अपघातानंतर सगळे मला एकच सांगायला लागले. चहा करायला गेले, राहू दे. मेंढ्या मोजायला निघाले, राहू दे. घरचीच माणसं, प्रेमानेच म्हणतात. दत्ता, मला राहू दे न म्हणणारी एकच जागा उरलीय, आणि ती इथून तिथपर्यंत आहे." काठीने त्यांनी बर्फाचं ते टोक दाखवलं.

मी दगड आणायला उठलो. पण मनात म्हटलं, बाई, बर्फाची काळजी तुम्ही करू नका.

आणि इथेच मी माती खाल्ली.

ग्रॅहम यायच्या दिवशी सकाळी त्या थोडाच सराव करून निघाल्या. परीक्षा दुपारी चारला. रोज सरावानंतर त्या मोबाइलमध्ये बोलून स्वतःसाठी टिपणं ठेवायच्या. मी दगड पुसत होतो. कानावर आलं, "लेफ्ट साइड नीड्स मोअर आईस. डेफिनेटली मोअर आईस."

आता तुम्हीच सांगा, बर्फ करणाऱ्या माणसाने याचा काय अर्थ घ्यायचा? मी तर खूश झालो. म्हटलं, बाई किती सभ्य! माझ्या तोंडावर चूक दाखवायची नाही, म्हणून मोबाइलला सांगतायत. पण आपणही काही कच्च्या गुरूचे चेले नाही, न सांगता ओळखतो. बाई गेल्यावर गरम पाण्याचा पाइप घेतला आणि डाव्या अंगाला थरावर थर असे तीन थर दिले. वर फवारणी केली, कोणी पाय ठेवू नये म्हणून दोरी लावली. हात लावून बघितलं, समाधान वाटलं. फादीला म्हटलंसुद्धा, "टुडे, नंबर वन आईस." तो म्हणाला, "इन्शाल्ला."

दोनला घरी जेवायला आलो. कुळथाची पिठी, भात. मुलगी ऋचा शाळेतून आलेली. तिला मॅडमचं भारी वेड, घरी जेवायला आल्या होत्या तेव्हापासून फोनवर कर्लिंगचे सामने बघत बसायची. मी ऐटीत सांगितलं, "मॅडमना डावीकडे आईस कमी वाटत होता. सकाळी वाढवून दिला."

ऋचाचा घास हातातच राहिला. "वाढवून म्हणजे? बाबा, व्हॉट डिड यू डू?"

"तीन थर दिले. त्याच म्हणाल्या, लेफ्ट साइड नीड्स मोअर आईस."

"ओ माय गॉड, बाबा! आईस म्हणजे आईस नाही! इट्स द डिस्टन्स!"

मग तिने ताटात भाताचं वर्तुळ करून दाखवलं. दगड जाताना वळतो, म्हणून नेम मधोमध धरायचा नाही, बाजूला धरायचा. तो नेम मधल्यापासून किती बाजूला, त्या अंतराला हे लोक 'आईस' म्हणतात. मोअर आईस म्हणजे नेम आणखी बाहेर धर. बाईंनी स्वतःला बजावलं होतं, डावीकडून टाकताना नेम जरा जास्त डावीकडे धर. आणि मी डावी बाजू उंच करून ठेवली होती! उतार उजवीकडे. म्हणजे प्रत्येक दगड हवा त्यापेक्षा जास्त उजवीकडे घसरणार.

हात न धुताच उठलो. वाटेत एकच हिशेब, बर्फ तासायचं मशीन फिरवलं तर तासभर पुरेल, चारच्या आत होईल. पोचलो तर मला शोधायला फादी दारात आलेला. ग्रॅहमना दुबईहून लवकर निघायचं होतं, म्हणून तीनलाच सुरू केलेलं. माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आत्तापर्यंत चाकं त्यानेच धरली होती. तीन दगड गेले होते. तिन्ही वर्तुळाच्या उजवीकडून बाहेर.

मी फादीच्या जागी बसलो, चाकं धरली. "मॅडम," मी म्हटलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं. माझं तोंड मला दिसत नव्हतं, पण त्यांना सगळं कळलं असावं. "आत्ता नाही," म्हणाल्या. "धरा."

चौथा, पाचवा गेला. सहावा गेला. बाई प्रत्येक दगडानंतर बर्फाकडे अशा बघायच्या की जणू तो काही बोलतोय आणि यांना ते ऐकायचंय. नेम आणखी बाहेर, आणखी बाहेर. दहावा कडेला लागला. चौदावा आत आला. सोळाव्यापासून जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. डावीकडे इतक्या बाहेर नेम धरायच्या की बघणाऱ्याला वाटावं, दगड आता भिंतीवर आदळणार. आणि तो उंचवट्यावरून अंग टाकून यायचा, निवांत वळायचा आणि मधोमध बसायचा. एकामागून एक. माझ्या हातांखाली त्यांची चाकं जराही हलत नव्हती. मी मनात गावच्या रवळनाथाला काय काय कबूल केलं ते त्यालाच ठाऊक.

ग्रॅहमनी कागदावर बेरीज केली. उंच, कोरडा माणूस. म्हणाले, "चौसष्ट. आय ॲम सॉरी, मोराग."

मी उभा राहिलो. "सर, वन मिनिट—"

"दत्ता," बाई म्हणाल्या, आवाज अगदी साधा, "आमच्यासाठी चहा आणता का?"

ग्रॅहम बर्फाकडे बघत म्हणाले, "डावी बाजू जरा विचित्र होती का?"

"द आईस वॉज लव्हली," बाई म्हणाल्या.

मी चहा आणायला गेलो. खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. करक चहाच्या टपरीवरून कप घेतले आणि तसाच धावत निघालो. परत आलो तोवर ग्रॅहमची टॅक्सी गेली होती.

बाई रोज गाडीत बसल्या की लगेच निघायच्या. त्या दिवशी दार लावून बसल्या आणि गाडी सुरूच केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. मी काचेशी गेलो. सगळं सांगितलं, मोबाइल, तीन थर, ऋचा, भात, सगळं. त्या ऐकत होत्या. मग ओठ हलले, "मोअर आईस." आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग त्यात हसणं किती उरलं ते मला कळेना.

"मॅडम, त्यांना फोन करा. मी सांगतो. ते अजून रस्त्यातच असतील."

"नाही."

"पण चूक माझी आहे!"

"दत्ता, आमच्याकडे हरलेला माणूस बर्फाला नावं ठेवत नाही. ठेवली तर चहाला त्याच्या शेजारी कोणी बसत नाही." नाक पुसलं. "आणि तो बर्फ कळायला मला पंधरा दगड लागले. पाचात कळायला हवा होता. ती चूक माझी."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी ग्रॅहमना सांगायला हवं होतं. बाईंनी चहाला पाठवलं तरी पाय रोवून उभं राहायला हवं होतं. आजही तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत असं धरून मी डावी बाजू तासायला मशीन काढलं होतं. बरोबर सहाला पांढरी गाडी. बाईंनी हात वर केला. "हात लावू नका! राहू द्या."

त्यांच्या तोंडून 'राहू द्या' ऐकून मी चमकलो. त्यांच्याही लक्षात आलं, हसल्या. "हा बर्फ राहू द्या. महिनाभर. मग उजवीकडे असाच करा. मग दव साचलेला. मग घामोळं जास्त आलेला. मला सांगायचं नाही. मी ओळखेन."

मग वर्षभर आम्ही तेच केलं. सव्वीस वर्षं मी निर्दोष बर्फ केला, पण माझं सगळ्यात कसबाचं काम कोणतं विचाराल, तर ते वर्षभर मागणीप्रमाणे केलेला खराब बर्फ! मी जंग जंग पछाडून नवी खोडी करायचो आणि बाई ती आधी दहा दगडांत, मग सहात, मग तीनात ओळखायच्या. एकदा दुसऱ्याच दगडाला म्हणाल्या, "काल मागचं दार कोणी उघडं ठेवलं?" ठेवलं होतं, मीच, मुद्दाम. हिवाळा, उन्हाळा, रमझान, एक दिवस खाडा नाही. एकदा तापाने फणफणलेल्या होत्या, मी म्हटलं मॅडम, आज राह... आणि जीभ चावली.

पुढच्या वर्षीची निवड त्यांच्याच देशात होती. बाई गेल्या. मी दुपारी घरी जेवत होतो, फोन वाजला. ऋचाने स्पीकरवर टाकला. मागे मोठ्या हॉलचा गलका.

"दत्ता, मधली सुट्टी आहे. इथे सगळे वैतागलेत. नवा हॉल, नवा बर्फ. दगड डावीकडून टाकला की उजवीकडे पळतो. कोणालाच जमत नाहीये. बर्फ करणाऱ्याला शिव्या घालतायत."

"मॅडम, तुमचे किती गेले?"

"दोन. दोनच. पण खात्री करून घ्यावीशी वाटली. तुम्ही काय म्हणता?"

ऋचा आणि सुनंदा दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी ताट बाजूला सारलं. मोठ्या कारागिराच्या थाटात घसा खाकरला.

"मॅडम," मी म्हटलं, "लेफ्ट साइड... गिव्ह मोअर आईस."

 बाई अशा हसल्या की ऋचाने स्पीकरचा आवाज कमी केला. "येस, आईस मेकर," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मेसेज आला. माझा चष्मा सापडेना, ऋचाने वाचला. निवड झाली होती. पुढे आणखी एक ओळ होती. बक्षिसं, फोटो, सगळं आटोपल्यावर त्या तिथल्या बर्फ करणाऱ्या माणसाला शोधायला गेल्या. तो मशिनरीच्या खोलीत एकटाच बसला होता, त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. त्याचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं, बर्फ फार छान होता.

सुनंदा म्हणाली, "अहो, निवड झाली ना त्यांची? मग रडताय कशाला?"

"बर्फ छान होता म्हणे," मी म्हटलं.